उताऱ्यावरचं नाव

आमच्या आत्यांना गप बसायचं ठाऊक नाही. आत्या म्हणजे माझी सासू, प्रयागबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वय बासष्ट, गुडघ्यांचे एक्स-रे दोनदा काढून झालेत, डॉक्टरनं "मावशी, जरा आराम करा" म्हणून हात जोडले, तरी बाई घरातनं बागेत, बागेतनं चारीवर, चारीवरनं परत घरात. चहा प्यायचा तोसुद्धा उभ्यानं. बशी हातात आणि नजर दाराबाहेर. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, सासू माझ्यावर पाळत ठेवायला फिरते. महिनाभरानं कळलं, बाईचं माझ्याकडं लक्षच नाही. लक्ष सगळं पाण्याकडं.

आमचं गाव वरकुटे, तालुका इंदापूर. आत्यांचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती. दोन्ही गावं एकाच कालव्यावरची. फरक इतकाच की माहेर वरच्या अंगाला आणि सासर पार शेवटाला. ह्या शेवटाला सगळे 'टेल' म्हणतात. शाळेतल्या पोरालाही विचारा, "आमी टेलचं" असं सांगेल, जसं काही आडनावच आहे.

ह्या भागात पोरगी द्यायची म्हटलं की पाव्हणे पहिलं विचारतात, "जमीन पाटाच्या वर का खाली?" पाट म्हणजे कालवा. पाटाच्या वर माळ, कुसळं, मेंढरं. पाटाच्या खाली ऊस, दुभती जनावरं, स्लॅबचं घर. आत्यांच्या वडलांनीही हेच विचारलं. "खाली" असं उत्तर आलं आणि त्यांनी त्याच बैठकीत सुपारी फोडली. खाली, पण किती लांब खाली, हे विचारायचं राहूनच गेलं. कोऱ्हाळ्याच्या माणसाला तो प्रश्न सुचणार तरी कसा? त्यांच्या बांधावरनं पाणी जाताना दिसायचं. पुढं ते कुणापर्यंत पोचतं, न पोचतं, ह्याच्याशी त्यांना काय करायचंय! मी एकदा आत्यांना चिडवलं होतं, "तुमच्या वडलांनी मैल विचारला असता तर मला दुसरी सासू मिळाली असती." तर म्हणाल्या, "आन मला बरी सून." 

तर गेल्या मे महिन्यातली ही गोष्ट. आमची दोन एकर डाळिंबाची बाग आहे, साडेसहाशे झाडं. माझे सासरे वारले त्याच वर्षी आत्यांनी ती स्वतः खड्डे घेऊन लावलेली. झाडांवर फळं धरलेली, लिंबाएवढी झालेली. ह्या वेळेला पाणी तुटलं की फळ गळतं, आणि ताण बसल्यावर एकदम पाणी मिळालं तर तडकतं. विहिरीतली मोटार पंधरा मिनिटं चालून गुळण्या टाकायला लागलेली. शेततळ्यात तर नुसता काळा कागद उन्हात चकाकत होता. आता भिस्त एकाच गोष्टीवर, कालव्याचं उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन, म्हणजे धरणातनं पाणी सोडायची फेरी. ते वेळेत आलं तर बाग हाती लागणार, नाहीतर वर्ष गेलं.

पाणी सुटलं की कोऱ्हाळ्याला ते लगेच पोचतं, मधल्या पिंपळीला दुसऱ्या दिवशी, आणि धक्के खात खात आमच्याकडं पाचव्या दिवशी. ह्या खेपेला पाचवा गेला, सहावा गेला. सातव्या दिवशी आत्या पहाटेपासनं चारीच्या तोंडाला, कालव्यातनं आमच्या रानांकडं पाणी वळतं तिथं, सहा वेळा जाऊन आल्या. चारी कोरडी ठणठणीत. आठव्या दिवशी मी म्हटलं, "आत्या, तुमी बघितल्यानं ते लवकर येणाराय का?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप गाडीला किक मारली आणि डेअरीवर गेले.

मी डेअरीच्या संकलन केंद्रावर दुधाचं फॅट काढते. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव किटल्या घेऊन माझ्यासमोरनं जातं, त्यामुळं गावाची नाडी मला बरोबर कळते. त्या आठवड्यात नाडी काही ठीक नव्हती. माणसं फॅटच्या एका पॉइंटवरनं भांडायला उठायची. एकानं तर रांगेत पुढं घुसला म्हणून दुसऱ्याची किटली लाथाडली. कुणाचा मका वाळत होता, कुणाच्या गाभण गाई टँकरच्या पाण्यावर होत्या. शिकलेली पोरं बारामतीच्या कंपन्यांत गेलेली, खोल्या घेऊन तिथंच राहतात. इथं राहिलेल्यांना पोरी मिळत नाहीत, कारण आता पाव्हणे मैलसुद्धा विचारायला लागलेत.

नवव्या दिवशी पाणी वापर संस्थेची मीटिंग बसली. ही संस्था आमच्या चारीवरच्या शेतकऱ्यांचीच. कुणाची पाळी कधी हे ती ठरवते. अध्यक्ष हिंदुरावतात्या, आणि कमिटीत बाई एकच, आमच्या आत्या. नावापुरत्या नव्हेत हां. गेल्या उन्हाळ्यात ह्याच मीटिंगमध्ये आत्यांनी नियम करून घेतला होता: ज्याच्या उताऱ्यावरच्या जमिनीत चोरीचं पाणी सापडेल, त्याची त्या आवर्तनाची पाळी बंद. उतारा म्हणजे सातबारा. आणि पहिलाच सापडला आमच्या खालच्या शेतातला दादासो. तो बिचारा काय चोर नव्हे. चारीला पाइप लावला होता त्याच्या थोरल्या भावानं, जोतीरामनं, पण सातबारा दोघांचा एकत्र. दादासो गयावया करत होता, "काकी, मी पाइपला हात सुदिक लावला न्हाय." आत्या म्हणाल्या होत्या, "नाव हाय न्हवं उताऱ्यावर? मग झालं." त्याचा सगळा मका वाळून गेला. त्याची बायको सारजा डेअरीवर येते, पण अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तर नवव्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ठरलं की आपणच वर जायचं. पाटबंधारेचे मोजणीदार, म्हणजे पाणी मोजणारे सरकारी कर्मचारी, कालव्यातले चोरून टाकलेले पाइप काढायला निघणार होते. टेलची चार माणसं साक्षीला हवी होती. तात्या तयार झाले, आणखी दोघं झाले, आणि आत्या उठून म्हणाल्या, "मी येते."

घरी आमचे हे, रणजित, भडकलेच. "आई, मामाच्या गावावरनं जायचंय. लोकं तोंडात शेण घालतील."

"मग काय पाण्याला सांगू, वळसा घालून ये?" आत्या चपला शोधत म्हणाल्या.

शेवटी त्यांच्याबरोबर मला पाठवलं. का, तर तिथं त्या काही बोलायला लागल्या तर आवरायला. आमच्या आत्यांना, आणि मी आवरणार!

पिकअपमध्ये बसून आम्ही कालव्याच्या कडेकडेनं वर निघालो. एका तासात जग बदलतं हो. आमच्याकडं कोरडा ओढा, माळावर वेड्या बाभळी. बारामती जवळ यायला लागली तशी कंपन्यांची शेडं, मोठाले बंगले, हॉटेलं. आणि पुढं ऊसच ऊस. दोन्हीकडं हिरव्या भिंती. गाडीत हवा एकदम गार झाली, तसा मला राग आला. खरं सांगते, गार वाऱ्याचा राग आला. आत्या सीटच्या कडेवर टेकलेल्या, दर दोन मिनिटांनी काचेतनं डोकं बाहेर काढून कालव्यात पाणी किती आहे ते बघत होत्या. आणि कालवा तर काठोकाठ भरलेला!

ठिकठिकाणी गाडी थांबायची. मोजणीदार लांब बांबूला लोखंडी आकडी लावून पाण्याखालचा काठ चाचपायचे. पाइप लागला की जेसीबीनं उपटायचा, मोबाईलवर त्या गटाचा सातबारा उघडायचा, त्यावर असतील तेवढी नावं पंचनाम्यात लिहायची. दुपारपर्यंत सतरा पाइप निघाले. एका ठिकाणी तर कांबळ्यात गुंडाळून वर गवत लावलेलं. मला हसू आलं, पण तात्यांचा चेहरा बघून गिळलं.

पंचनाम्यातल्या त्या नावांकडं आत्या फार बारीक लक्ष देऊन बघत होत्या. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

तीनच्या सुमाराला कोऱ्हाळ्याच्या शिवारात पोचलो. आत्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे ह्यांचे मामा, आप्पासाहेब काठावरच उभा. टोपी, पांढरा सदरा, हसतमुख माणूस. पुढं येऊन आत्यांच्या पाया पडला. "अक्का! फोन तरी करायचास. चल घरी, जेवून घ्या सगळी." पाठोपाठ त्यांची मुलगी निकिता सरबताचा जग घेऊन आलीच. तात्या आणि मोजणीदार सगळे प्यायले, मीही प्याले. आत्यांनी पेला हातात धरला आणि तसाच ठेवला.

मामांच्या उसात घोट्याएवढं पाणी उभं होतं. मे महिन्यात, घोट्याएवढं! बांधाच्या कडेला जमीन पांढरी पडलेली, मीठ फुटल्यासारखी. जादा पाणी पाजून पाजून खारावलेली. त्या कोपऱ्यात ऊस पिवळा, गुडघ्याएवढाच. आत्या खाली वाकल्या, ती पांढरी माती चिमटीत घेऊन बघितली. "आप्पा, ह्याला एवढं पाणी कशाला रं पाजतो?"

"सवय हाय अक्का. पाटाला पाणी आलं की द्यायचं. बाच्या येळंपासनं तसंच हाय."

मोजणीदारांनी त्यांचा सगळा काठ आकडीनं चाचपला. एकदा, दोनदा. काहीच लागलं नाही. "हितं स्वच्छ आहे," ते म्हणाले. तात्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा टाकला. त्यांनाही पाव्हण्यांत तमाशा नको होता. आम्ही गाडीकडं वळलो. मी मागं बघितलं तर आत्या जागच्या हलल्या नव्हत्या.

त्या चपला काढत होत्या.

मला वाटलं, हात-पाय धुतायत. बाईनं पदर खोचला आणि सरळ कालव्यात उतरल्या. वाहतं पाणी कमरेला लागत होतं. मी "आत्या!" म्हणून ओरडले आणि पळत जाऊन त्यांचा दंड धरला. काठाला धुणं धुवायचा एक मोठा काळा दगड होता. त्या दगडाच्या बुडाखाली त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला, तोंड पाण्याला टेकलं, आणि म्हणाल्या, "हितं हाय."

मोजणीदारांनी आकडी घातली, दगडाच्या आडून पाइप वर आला. नारळ आत जाईल एवढं तोंड.

मामांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्यांना लाज वाटली, आणि ती बघवत नव्हती. "अक्का, बानं टाकलेला पाइप हाय गं. तूच तर वर उभी ऱ्हाऊन राखण केलीस. परकराची हुतीस. मी फकस्त मातीची जुनी खापरी काढून नवा पाइप घातला."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "म्हणून तर ठावं हाय."

मोजणीदारांनी गट नंबर विचारला. मामांच्या आधी आत्यांनीच सांगितला, तोंडपाठ. मोबाईलवर सातबारा उघडला. साहेब मोठ्यानं वाचत लिहायला लागले: आप्पासाहेब शंकरराव... मग थांबले. "आणि ह्या प्रयागबाई कोण?"

"मी," आत्या म्हणाल्या.

इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे. वडील वारले तेव्हा वारस म्हणून बहिणीचंही नाव सातबाऱ्यावर लागलं. असं नाव लागलं की आमच्याकडं बहिणी तहसीलला जाऊन हक्कसोड करतात, माझा वाटा भावाला दिला म्हणून सही करतात. त्याच्यावरच माहेरची साडीचोळी टिकून असते. मामा आठ वर्षं "अक्का, एकदा सही कर" म्हणत होते, आणि आत्या नाही म्हणत नव्हत्या आणि सहीही करत नव्हत्या. वाटा मागत नव्हत्या, काकरीभर रानही मागत नव्हत्या. ह्यांनी तर कितीदा सांगितलं, "एकतर घे, नाहीतर सोड." मीही मनात म्हणायचे, म्हातारीला लोभ सुटत नाही.

तात्या पुढं झाले. "साहेब, ह्या बाईनं तर पाइप दावला. त्यांचं नाव कशाला घेता? गाळा की."

"उताऱ्यावर असेल ते लिहावं लागतं."

"लिवा," आत्या म्हणाल्या.

मामा एकदम म्हणाले, "अक्का, ऐक. आजबी सही केलीस तर साहेबांना सांगू, हिचा काय संबंध न्हाय. तुझं नाव ऱ्हाणार न्हाय ह्यात." त्यांनी ते खरंच बहिणीच्या भल्यासाठी म्हटलं होतं. माणूस वाईट नाही.

आत्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. "लिवा सायब. प्रयागबाई. पुढं बापाचं नाव लावा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या चारीचा नियम! ज्याचं नाव, त्याची पाळी बंद. मी त्यांचा हात गच्च दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या.

बाराव्या दिवशी सकाळी पाणी आमच्या चारीला आलं. पुढं काडीकचरा, फेस, आणि मागनं मातकट पाणी. माणसं खोरी घेऊन पळत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. यादीत आमचा नंबर चौथा, दादासोचा पाचवा. तात्या दाराशी, म्हणजे पाणी सोडायच्या लोखंडी फळीशी, उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "वयनी, तुमी पाळी घ्या. नियम आपल्या चारीचा हाय, कोऱ्हाळ्याचा न्हाय. तुमच्यामुळंच पाणी आलंय." सगळ्यांनी मान डोलावली. खरंच मनापासून डोलावली. ह्यांनी तर दार उचलायला हातसुद्धा घातला.

आत्या दादासोकडं वळल्या. "दादासो, तू बोल."

तो खोऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "मी काय बोलू काकी? गेल्या साली मी लय बोललो हुतो."

बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. आत्यांनी ह्यांचा हात दारावरनं बाजूला केला आणि सगळं वजन टाकून दार खाली दाबलं. पाणी आमच्या बांधाला घासून पुढं दादासोच्या रानात गेलं.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. ह्यांनी ताट ढकललं, मी भांडी आपटली. हो, आपटली. माझी पोर स्वरूपा शाळेच्या सहलीचे बेत करून बसलेली, तिला काय सांगू? मला आत्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या पायांचा आवाज आला तरी कपाळाची शीर उडायची. खरेपणा करायचा तर एकटीनं करावा ना, आमचं वर्ष का घालवायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई बागेत. डाळिंबाची हिरवी फळं तोडून पाटीत टाकतायत. मी धावत गेले. "आत्या, काय करताय हे?"

"विहिरीच्या पाण्यावर फळं जगायची न्हाईत. ती तोडली तर झाडं तरी जगतील." आणि पुढचं फळ तोडलं. कोवळी फळं, तोंडाशी अजून फुलाची पाकळी चिकटलेली. साडेसहाशे झाडं. मी दुसरी पाटी घेऊन आले आणि शेजारच्या झाडाला लागले. हाताला चीक लागत होता. डोळे भरून येत होते आणि हात ओले म्हणून पुसताही येत नव्हते.

एक अख्खी ओळ झाल्यावर मला राहवलं नाही. "आत्या, आठ वर्षांपूर्वीच ती सही केली असती, तर आज ही बाग वाचली असती की हो."

"व्हय," त्या म्हणाल्या, "वाचली असती." एक फळ, दुसरं फळ. "पर मग त्या दगडाखाली हात घालायला मी कोण हुते? लोकाच्या रानातली चोरी दावणारी बाई. आप्पा म्हणला असता, चालती हो, तुझं हितं काय हाय." त्यांनी हातातलं फळ पाटीत टाकलं. "माझं तितं हाय, उत्कर्षा. म्हणून तर चोरीबी माझीच हाय."

आणि पाटी उचलून त्या पुढच्या झाडाकडं गेल्यासुद्धा. "ती कडंची ओळ धर," म्हणाल्या, "ऊन व्हायच्या आत उरकू."